आठवं काज

फुआतिनो कुठल्याही गाडीत बसली की आधी पट्टा हिसका देऊन ओढायची. पट्टा जागच्या जागी अडला तर बसायची. सैल आला तर गाडीवाल्याकडे नुसतं बघायची. मग तो माणूस उगाचच कारणं सांगू लागायचा.

रस्त्याकडेच्या उभ्या गाडीच्या टायरवरचे चार आकडे ती मोठ्याने वाचायची. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. "हा टायर आमच्या लागीहून वयाने मोठा आहे," असं म्हणायची. लागी तिच्या भावाची धाकटी मुलगी, पाच वर्षांची.

कोको पिऊन झाला की कपाच्या तळाला राहिलेला भुगा बोटाने काढून चावायची. प्रवचन लांबलं की हातातला पंखा पाद्र्यांच्या दिशेने हलवायची. पर्समध्ये पंखा, बायबल आणि एक छोटी कात्री असायची. कात्री कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "पट्टा अडकला तर कापायला." तिच्याकडे गाडी नव्हती. तिला गाडी चालवताही येत नव्हती.

बसमध्ये कुणी मांडीवर बसलं की त्याच्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घालायची. आमच्या बसमध्ये जागा भरल्या की माणसं माणसांच्या मांडीवर बसतात. त्याला ओळख लागत नाही. माझी तिची ओळख अशीच झाली. मी साहित्याची पदवी घेऊन तिच्या गावच्या शाळेत शिकवायला निघाले होते.

"बाई, मला श्वास घेता येत नाहीये," मी म्हणाले.

"नंतर घे. पुढे वळण आहे."

वळण गेलं. तिने हात सोडले नाहीत. "काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे तुला येतं काय?"

मी विचार केला. "पत्रं लिहिता येतात."

"बरं झालं. मला लिहायचीत. इंग्रजीत. भांडणाची."

त्याच आठवड्यात मी तिच्या घरी राहायला गेले. म्हातारी आई सुलू, भाऊ तानिएलू, त्याची बायको, त्यांची तीन मुलं, फुआतिनो आणि मी. आठ माणसं. हा आकडा फुआतिनोच्या डोक्यात पक्का बसला होता. मी आले तसा तिने तो सातावरून आठावर नेला. मला विचारलंही नाही.

ती बंदरावर कामाला होती. ज्या वर्षी देशाने रस्त्याची बाजू बदलली, न्यूझीलंडसारख्या गाड्या डावीकडून चालू लागल्या, त्या वर्षापासून तिकडच्या जुन्या गाड्या बोटी भरभरून आमच्या राजधानीला, अपियाला, येऊ लागल्या. बोटीतून उतरलेल्या गाडीचा क्रमांक, रंग आणि पोचे लिहून घ्यायचे, हे तिचं काम. त्यासाठी गाडीचं दार उघडावं लागत नव्हतं. ती प्रत्येक दार उघडायची. अकरा वर्षं. धडकून दुरुस्त केलेली गाडी तिला दाराच्या कडेवरून कळायची, पुरात बुडालेली गाडी पट्ट्याच्या वासावरून. पट्टा पूर्ण बाहेर ओढून शेवटचा हातभर भाग ती नाकाला लावायची. "बाकी सगळं धुतात. एवढं कुणी ओढून बघत नाही," ती म्हणायची.

गाडी घेणारे लोक बंदरावर यायचे. ते चाकं बघायचे, गाणी लावून बघायचे. फुआतिनो शेजारी उभी राहून सांगायची. मागच्या मधल्या जागेचा पट्टा खांद्यावरून येतो का बघ. डोकं टेकायची उशी कानापर्यंत पोचते का बघ. मागचं दार आतून मुलाला उघडता येतं का बघ. लोक हसायचे. बंदरावरचे हमाल तिला 'पट्टेवाली' म्हणायचे.

या सगळ्याचं कारण तिने मला एकदाच सांगितलं. आम्ही परसात नीरफणस सोलत होतो.

"पिकअपच्या मागच्या हौद्यात सात जण बसलो होतो. चर्चला चाललो होतो. एका हाताने पौलोला धरलं होतं. दुसऱ्या हातात चटई."

पौलो तानिएलूचा थोरला. सहा वर्षांचा होता. चटई बारीक विणीची, पाद्र्यांना द्यायची. सुलूने ती दोन वर्षं विणली होती.

"खड्डा आला. चटई उडाली. मी दोन्ही हातांनी चटई धरली."

ती सोलत राहिली. मी मूर्खासारखं विचारलं, "ती चटई आहे अजून?"

"पाद्र्यांनी परत दिली. त्याला तिच्यातच गुंडाळला." मग म्हणाली, "तू जाड सोलतेस. अर्धा फणस डुकरांना जातोय."

गावाने म्हटलं, देवाची इच्छा. फुआतिनोने गावाला उलट उत्तर दिलं नाही. तिने फक्त आकडा धरला. घरातली सगळी माणसं, तेवढ्या जागा, तेवढे पट्टे.

गाडी तिचा मेहुणा इओसुआ ऑकलंडहून पाठवणार होता. भांडणाची पत्रं त्यालाच जायची. तिकडच्या विक्रेत्यालाही त्याने तीच दाखवावीत, म्हणून इंग्रजीत.

"लिही, प्रिय इओसुआ. मग लिही, तू डुक्कर आहेस. मग गाडीचं लिही."

मी लिहिलं. तिने वाचून घेतलं. "डुक्कर कुठे गेलं?"

"आदराच्या भाषेत आहे. 'आपल्या निवडीबद्दल मला थोडी चिंता वाटते.'"

"त्याला कळेल?"

"नाही."

"मग फोन लाव."

फोनवर इओसुआ खुशीत असायचा. "फुआतिनो, मिळाली! पांढरी व्हॅन. आठ जागा. बारा स्पीकर!"

"किल्ली फिरव. समोर लाल माणूस दिसेल, पोटापुढे चेंडू धरलेला. तो पेटला पाहिजे आणि मग विझला पाहिजे."

किल्ली फिरल्याचा आवाज आला. "विझलेलाच आहे. छान आहे की!"

"पेटलाच नाही?"

"नाही."

"म्हणजे एअरबॅग आधीच फुटून गेल्यात आणि कुणीतरी दिवा काढून टाकलाय. सोड ती."

दुसऱ्या गाडीत मधल्या जागेला नुसता पोटावरचा पट्टा निघाला.

"मधे कोण बसणार आहे, राजा?" इओसुआ चिडला.

"मधे मूल बसतं. पोटावरचा पट्टा मुलाला मधोमध दुमडतो. सोड."

"तू गाडी घेतेयस की हॉस्पिटल?"

"गाडी. हॉस्पिटल लागू नये म्हणून."

पाच गाड्या तिने अशा सोडायला लावल्या. वर्ष गेलं. तानिएलू वैतागला. जेवताना म्हणाला, "येशू गाढवावर बसून गेला. त्याला पट्टा नव्हता."

"त्याला पुढच्याच आठवड्यात काय झालं ते वाच," फुआतिनो म्हणाली. सुलूने तिच्या हातावर चमचा मारला, पण हसू सुलूलाही आवरलं नाही.

सहावी गाडी आली. आमच्याकडे गाडी येते ती रिकामी येत नाही. आत गाद्या, मटणाचे डबे, शिलाई यंत्र, सुलूसाठी फ्रीज. बंदरावर फुआतिनो पोटावर रांगत गाद्यांच्या खालून आत शिरली. बाहेर फक्त पाय दिसत होते. आतून एकेक खटका ऐकू येत होता. हिसका, खटका. हिसका, खटका. आठ वेळा. मग ती बाहेर आली. केसांत धूळ होती. ती रडत होती की घामाने भिजली होती, मला सांगता येणार नाही.

"एकही सैल नाही," ती म्हणाली.

लागीसाठी उंच बैठकही आली होती. ती अडकवायची कडी सीटच्या पाठीमागे होती. फुआतिनोने त्या कडीवरून बोट फिरवलं, तीनतीनदा.

शनिवारी पाद्र्यांनी गाडीला आशीर्वाद दिला. गाव जमलं होतं. प्रार्थना झाली आणि महिला समितीच्या बायका रांगेने आल्या. पुढे अध्यक्ष मालाएआ. प्रत्येकीच्या हातात घडी. उलगडली तेव्हा कळलं, सीटची कव्हरं. हाताने छापलेलं तांबडं कापड, त्यावर पांढरी जास्वंद, कडेला लेस, आत कापूस. शेजारच्या गावात तसलीच व्हॅन होती. तिची मापं घेऊन दोन महिने गुपचूप शिवलं होतं.

"आता गाडीला कपडे आले," मालाएआ भाषणात म्हणाल्या. "नागडी गाडी देवाच्या दारात न्यायची का?"

सगळे हसले. बायकांनी तिथेच कव्हरं चढवली. घट्ट, खालून नाडी ओढून. सीटमधून वर येणारी बक्कलं, ज्यांच्यात पट्टा अडकतो ती, सगळी कापडाखाली गेली. पुढच्या दोन सीटच्या बाजूला एअरबॅगची छोटी चिठ्ठी होती. तीही गेली.

मी फुआतिनोकडे पाहिलं. ती हसत होती. रीत म्हणून नाचलीसुद्धा. नाचताना तिचे डोळे गाडीच्या दारातून आत लागले होते.

"काढून टाक," मी घरी आल्यावर म्हणाले.

"मालाएआ रोज खिडकीतून बघतात."

"मग त्यांना सांग."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं शाळेत मी एखाद्या मंद मुलाकडे पाहते. "भर गावात दिलेली भेट आहे. त्यांना काय सांगू? तुमची भेट माणूस मारते?"

मग तिने दुसरा मार्ग काढला. काजं. शर्टाच्या बटणाला असतं तसं काज, फक्त चार बोटं लांब. एक कव्हर काढायचं, बक्कल येतं तिथे खडूने रेघ मारायची, कापायचं, आणि आतल्या दुमडीतून त्याच कापडाची पट्टी काढून, ती लावून कडा शिवून घ्यायच्या. हाताने. असं की बघणाऱ्याला वाटावं, मुळातच तसं शिवलंय. पुढच्या दोन सीटच्या बाजूची शिवण तिने उसवली आणि कच्च्या टाक्यांनी परत घातली. "आतून फुगा आला तर फाटली पाहिजे," म्हणाली. बंदरावरून आली की बसायची. एका कव्हराला तीन-चार दिवस लागायचे. डोळे चुरचुरायचे. झालेलं कव्हर चढवायची, हिसका, खटका, आणि पुढचं काढायची.

तोवर गाडी दारात उभी. तानिएलूला ती किल्ली देईना. गाव विचारू लागलं, गाडी बिघडली का?

ऑक्टोबरचा मुलांचा रविवार आला. त्या दिवशी मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये वचनं म्हणतात आणि मोठी माणसं त्यांना आधी वाढतात. आमच्या चर्चचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून या वर्षी सगळ्यांना डोंगरापलीकडच्या गावात जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी फुआतिनोने सातवं काज पुरं केलं. मागच्या रांगेतलं, माझ्या जागेचं.

"आठवं?" मी विचारलं.

"उद्या लागत नाही. वहिनी गायकांबरोबर पहाटेच पुढे जातेय. उद्या आपण सातच." तिने आठव्या कव्हरावर खडूची रेघ मारून ठेवली आणि तेही चढवलं, कारण रविवारी गाडी पूर्ण कपड्यांत दिसायला हवी.

सकाळी आम्ही बसलो. तानिएलू चालवायला, शेजारी सुलू. मधल्या रांगेत दाराशी फुआतिनो, पलीकडच्या दाराशी उंच बैठकीवर लागी. दोघींच्या मधे आठवी जागा, रिकामी. मागे मी आणि तानिएलूची दोन मोठी मुलं. सात खटके. फुआतिनोने मोजले. तिचा चेहरा त्या क्षणी कसा होता ते मला आठवतं. मी त्याच्यावर फार विचार करत नाही.

तेवढ्यात फाटकाशी मालाएआ आल्या. पांढरा पोशाख, पांढरी हॅट, हातात पंखा.

"माझ्या लेकाचं खटारं सुरू होईना," त्या म्हणाल्या. "देवाने तुमची गाडी याचसाठी पाठवली."

फुआतिनो लगेच उतरली. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे 'तिना' म्हणतात, म्हणजे आई. "या तिना, इथे बसा. मी घरी थांबते, चूल बघते."

"का बरं? मी आले म्हणून तू उतरणार?"

"तसं नाही, तिना."

"मग कसं? आठ जागा आहेत. मीच मोजून शिवल्यात." त्या मागे सरकल्या. "तू उतरलीस तर मी चालत जाते. डोंगर चढायला माझे पाय अजून आहेत."

सुलू पुढून म्हणाली, "फुआतिनो, बाईंना उन्हात उभं करू नकोस."

मी माझं बक्कल उघडलं. "मी उतरते," म्हणाले. फुआतिनोने मागे वळून पाहिलं. "बस," म्हणाली. "तुझं काल झालंय."

तिने मालाएआंना आपल्या जागेवर बसवलं. आपल्या हाताने त्यांचा पट्टा ओढून लावला. खटका. कव्हरातून बक्कल बाहेर होतं, पण मालाएआंची नजर आरशात हॅटकडे होती. मग त्यांच्या पायांपुढून आत शिरून फुआतिनो मधल्या जागेवर बसली. तिचा हात पर्समध्ये गेला. कात्रीची चकाकी मला मागून दिसली. मालाएआंची मांडी तिच्या मांडीला लागून होती. खडूच्या रेघेवर त्यांनी पंखा ठेवला होता.

"या सीटवरच्या फुलाला माझा सगळ्यात जास्त वेळ गेला," त्या म्हणाल्या. "बाकीची पोरींनी शिवली. हे माझं."

"सुंदर आहे, तिना," फुआतिनो म्हणाली.

हात पर्समधून बाहेर आला. हातात तिचा पंखा होता.

मी मागे बसले होते. मी बोलू शकले असते. मी साहित्य शिकलेय, शब्द माझ्याकडे होते. मीही त्या गावात राहते. मी बोलले नाही.

डोंगरावरच्या तिसऱ्या वळणाला समोरून एक पिकअप आली. आमच्या बाजूने. हौद्यात पांढऱ्या कपड्यांतली मुलं उभी होती, गात होती. तानिएलूने स्टिअरिंग फिरवलं. व्हॅन चरात गेली, दगडावर आदळली आणि कुशीवर पडली.

सात जण पट्ट्यांना लटकून राहिलो. एअरबॅग फुटल्या, कच्चे टाके फाटले, तिने ठरवलं होतं तसे. सुलूचा चष्माही वाकला नाही. लागीच्या केसांतलं फूल जागेवर होतं. ती म्हणाली, "आत्या कुठे गेली?"

पिकअपमधल्या एकाही मुलाला काही झालं नाही. ते पुढे जाऊन थांबले होते. काही वेळ त्यांचं गाणं चालूच होतं. त्यांना कळलं नव्हतं.

अंत्यविधीला बंदरावरचे हमाल आले. कुणी पट्टेवाली म्हणालं नाही. लोक व्हॅनबद्दल बोलत होते. किती मजबूत गाडी. सात जणांना ओरखडा नाही. निवडावी तर अशी. इओसुआ ऑकलंडहून आला. तो मला पुन्हापुन्हा विचारत होता, "तिने सांगितलेलं सगळं होतं ना गाडीत? मी सगळं बघितलं होतं ना?"

"सगळं होतं," मी म्हणाले.

महिला समितीने बारीक विणीची चटई दिली. फुआतिनोला तिच्यात गुंडाळलं.

आठ दिवसांनी मालाएआ घरी आल्या. समितीची भेट अशी मोडक्या गाडीत पडू देता येत नाही, कव्हरं धुऊन आणते, म्हणाल्या. पोलिसांनी ती आधीच काढून आमच्या ओसरीत आणून टाकली होती. त्या खाली बसून एकेक घडी करू लागल्या. तिसऱ्या कव्हराला थांबल्या. काजात बोट घातलं. मग आधीची दोन पुन्हा उलगडली.

"हे कुणी केलं?"

"फुआतिनोने."

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कितीतरी वेळ फिरवत होत्या. "टाका माझ्यापेक्षा बारीक आहे." मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर एका दुपारी आठही करून दिली असती. यंत्रावर."

"तुम्हाला राग आला असता, तिना."

"आला असता." त्या काजाकडेच बघत होत्या. "दोन दिवस."

त्यांनी सात कव्हरं नेली. आठवं त्यांनी हातात घेतलं, जास्वंद पाहिली, खडूची रेघ पाहिली आणि खाली ठेवलं. जाताना हॅट विसरल्या.

ते कव्हर मी फुआतिनोच्या खाटेखालच्या शिवणाच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. रेघ चार बोटांची आहे, थोडी पुसट झाली आहे. कात्री लागलेली नाही. डब्यात त्याच कापडाची पट्टी मापाने कापून, दुमडून, इस्त्री करून ठेवली होती. सुईत तांबडा दोरा ओवलेला होता, टोकाला गाठसुद्धा मारलेली.